आरशापलीकडच्या चौघी

बसा निवांत. हातातलं काम सोडू नका, ऐकता ऐकता शेंगा सोलल्या तरी चालतील.

आज मी एका प्रदर्शनाची गोष्ट सांगणार आहे. प्रदर्शन म्हटलं की आपल्याला आठवतो तालुक्याचा मांडव, पापड-कुरडयांचे स्टॉल, आणि उद्घाटनाला दोन तास उशिरा येणारे पाहुणे. हे प्रदर्शन तसलं नव्हतं. हे चित्रांचं होतं, चार बायांच्या चित्रांचं, आणि त्याला आता पस्तीस वर्षांहून जास्त झाली. पण त्याच्याकडे वळायच्या आधी आमच्या गोधड्यांचं सांगते, कारण त्या गोधड्यांमुळेच मी या चौघींपर्यंत पोचले.

आमच्या गटानं शहरातल्या एका दुकानाला बारा गोधड्या दिल्या होत्या. दुकानाचं नाव घेत नाही. एका गोधडीचे आम्हाला नऊशे रुपये मिळाले. पुढे काही कामानं मी त्या बाजूला गेले, तर काचेआड आमचीच गोधडी टांगलेली. शेजारी कार्ड होतं, "पारंपरिक ग्रामीण कला", आणि किंमत साडेचार हजार. किमतीचा राग आलाच. पण खरं लागलं ते दुसरंच. ती गोधडी आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या काकूंनी शिवलेली. मधल्या चौकोनात त्यांनी लेकीच्या परकराचा तुकडा घातला होता, तो मी लांबून ओळखला. कार्डावर काकूंचं नाव कुठंच नव्हतं. जणू गोधडी ग्रामीण भागात आपोआप उगवली होती, पावसाळ्यात अळंबी उगवते तशी.

तशीच तरातरा चालत मी काळा घोडा भागातल्या जहांगीर कलादालनात शिरले. तिथं जायला तिकीट लागत नाही, हे सांगून ठेवते. पुष्कळ बाया बाहेरूनच परततात, वाटतं आत कुणी हटकेल. कुणी हटकत नाही. आत भिंतीवर चित्रं आणि प्रत्येक चित्राशेजारी बोटभर चिठ्ठी. तिच्यावर चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, साल आणि कशानं रंगवलं ते. एकदोन चिठ्ठ्यांवर लाल टिकली लावलेली. मी विचारलं तर कळलं, टिकली म्हणजे चित्र विकलं गेलं. चला, टिकली इथंही आहे म्हणायचं!

आता हा धंदा चालतो कसा, ते थोडक्यात. चित्रं विकणारी गॅलरी म्हणजे एक दुकानच. मालक चित्रकार निवडतो, भिंत देतो, गिऱ्हाईक आणतो, आणि चित्र विकलं की आपला हिस्सा कापून घेतो. हा हिस्सा कुठे तिसरा असतो, कुठे निम्माही. जहांगीरचं तसं नाही. ते १९५२ साली सुरू झालं, सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून. तिथं चित्रकार भिंत भाड्यानं घेतो आणि आपलं आपण विकतो. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर १९६३ साली केकू गांधी आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी गॅलरी केमोल्ड काढली. केकूंचा मूळ धंदा चित्रांच्या फ्रेमा बनवण्याचा, १९४१ पासूनचा. फ्रेम खपावी म्हणून त्यांनी तिच्यात नव्या पोरांची चित्रं लावून दुकानात ठेवायला सुरुवात केली, आणि हळूहळू फ्रेमेपेक्षा चित्राला भाव आला. त्याच १९६३ साली फ्लोरा फाउंटनजवळ पंडोल गॅलरी निघाली. विकत घेणारे थोडे, पण मुंबईत चित्रांचा बाजार उभा राहिला तो असा.

पण बाजार उभा राहिला तो कुणासाठी? स्वातंत्र्य मिळालं त्या १९४७ साली मुंबईत सहा चित्रकार-शिल्पकारांनी एक गट काढला, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. सहाच्या सहा पुरुष. १९५३ साली त्यांच्या प्रदर्शनात एका मुलीची चित्रं लागली. ती आपल्या कोल्हापूरची भानू राजोपाध्ये. पुढे तिनं चित्रकला सोडून सिनेमाचे कपडे करायला घेतले आणि 'गांधी' चित्रपटाच्या कपड्यांसाठी ऑस्कर मिळवलं. तीच भानू अथय्या. तिचं भलंच झालं. पण चित्रकलेत तिला पोट भरण्याइतकी जागा मिळाली असती तर काय झालं असतं, हा विचार मनात येतोच. नागपूरकडच्या बेला गावच्या बी. प्रभा मात्र चित्रांतच टिकल्या, त्यांनी कोळणी आणि खेड्यातल्या बाया रंगवल्या. अशी नावं होती, पण सुटी सुटी, एकटी एकटी.

१९८१ साली मुंबईत आणि दिल्लीत सहा चित्रकारांचं एक गाजलेलं प्रदर्शन झालं, 'प्लेस फॉर पीपल', म्हणजे माणसांसाठी जागा. त्यात आपल्या ठाण्याचे डॉक्टर-चित्रकार सुधीर पटवर्धन होते, भूपेन खक्कर होते. सहांत बाई एकच, नलिनी मालानी.

या नलिनीताईंचा जन्म कराचीचा, १९४६ चा. फाळणीत घर गेलं, कुटुंब कलकत्त्याला आणि मग मुंबईला आलं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या आणि विशीतच पंडोल गॅलरीत त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं. म्हणजे दार बंद होतं असं नाही. पण आत गेलं की आजूबाजूला सगळे बाप्येच.

१९७९ साली त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि तिथं ए.आय.आर. नावाची गॅलरी पाहिली. मैत्रिणींनो, हे नीट ऐका, कारण हे ऐकून मला हसू फुटलं होतं. १९७२ साली वीस बायांनी मिळून ती काढली होती. मोठ्या गॅलऱ्या बायांना दारात उभं करीत नव्हत्या, म्हणून यांनी जागा भाड्यानं घेतली, भिंती-जमीन स्वतः दुरुस्त केली, दरमहा वर्गणी ठेवली, कामं पाळीपाळीनं वाटून घेतली आणि पाळीनंच प्रत्येकीचं प्रदर्शन लावलं. मालक कुणी नाही. आता याला बचत गट नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

नलिनीताई परत आल्या त्या डोक्यात हेच घेऊन. आपल्याकडेही बायांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवायचं. त्या संस्थांची दारं ठोठावत राहिल्या, पण कुणी मनावर घेतलं नाही. बायांचं वेगळं प्रदर्शन कशाला, चित्र म्हणजे चित्र, असं तेव्हा पुष्कळांना वाटायचं. काही चित्रकार बायांनाही वाटायचं, आणि त्यांचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. वेगळ्या पंगतीला बसवलं की वाढणाराही हात आखडता घेतो, हे आपण जाणतो. वर्षं गेली. मोठं जमेना तेव्हा छोटं करायचं ठरलं आणि चौघी एकत्र आल्या. नलिनी मालानी, अर्पिता सिंग, माधवी पारेख आणि नीलिमा शेख. प्रदर्शनाचं नाव ठेवलं 'थ्रू द लुकिंग ग्लास', आरशातून पलीकडे. १९८७ ते १९८९ ते देशात पाच ठिकाणी फिरलं. भोपाळच्या भारत भवनात लागलं, मुंबईत जहांगीरला लागलं. ते विकणाऱ्या गॅलरीच्या भरवशावर ठेवायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. कुणी निवडण्याची वाट न पाहता त्या स्वतः निघाल्या.

चौघींपैकी माधवीताईंची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते, म्हणून तिथं जरा थांबते. त्या गुजरातमधल्या संजाया नावाच्या खेड्यातल्या. वडील शाळामास्तर. लहानपणीच लग्न ठरलं आणि पंधराव्या वर्षी झालं. चित्रकलेची शाळा त्यांनी पाहिली नाही. नवरा मनू पारेख मात्र चित्रकार. १९६४ साली पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा त्यांनी नवऱ्याला म्हटलं, मलाही शिकव. नवऱ्यानं पॉल क्ले या युरोपातल्या चित्रकाराच्या पुस्तकातून धडे दिले. त्रिकोण, चौकोन, गोल, ठिपके. ठिपके! जिनं अंगणात रांगोळी घातली आहे तिला ठिपक्यांची काय भीती? माधवीताईंच्या चित्रात मधोमध एक मोठी आकृती असते, देवी म्हणा, बाई म्हणा, राक्षस म्हणा, आणि भोवती बारीक बारीक माणसं, साप, पक्षी, झाडं, भरतकामाच्या काठासारखी. गाव सोडून मुंबई, कलकत्ता, दिल्ली असा संसार झाला, पण चित्रात गाव तसंच राहिलं.

नीलिमाताई बडोद्याच्या. जुन्या लघुचित्रांसारखं कागदावर, पातळ रंगांत काम करणाऱ्या. त्यांच्या शेजारात एक पोर होती. त्यांनी १९८४ च्या सुमारास तिच्यावर बारा चित्रं काढली, 'चंपा मोठी झाली तेव्हा'. पहिल्या चित्रांत चंपा सायकल चालवते, झोका घेते. मग लग्न होतं. मग सासरचं स्वयंपाकघर येतं. शेवटी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. हुंड्यापायी जाळलेल्या सुनांच्या बातम्या तेव्हा रोज छापून यायच्या. सुनेच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम १९८३ साली आलं आणि हुंडाबळीचं कलम १९८६ साली. कायदा होत होता त्याच दिवसांत ही बाई बडोद्यात बसून एका मुलीचं आयुष्य बारा कागदांवर मांडत होती. ही चित्रं हातात धरून बघण्याएवढी लहान आहेत. मोठी असती तर आपण लांब उभं राहून पाहिली असती. लहान आहेत म्हणून जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की सुटका नाही.

अर्पिताताई बंगालच्या, दिल्लीत वाढलेल्या. काही काळ त्यांनी सरकारी विणकर सेवा केंद्रात कापडाचे नमुने केले. बंगालात जुन्या साड्यांची शिवतात ती कांथा, म्हणजे आपल्या गोधडीची बहीणच. अर्पिताताईंचं चित्र तसंच भरगच्च दिसतं. फुलं, चहाचे कप, बदकं, विमानं, बंदुका, आणि या सगळ्यांच्या मध्ये एक थोराड, थकलेली बाई. तरणीताठी सुंदरी नव्हे. पोट सुटलेली, आपल्यासारखी.

तर चौघी अशा. शैली चार, स्वभाव चार. पण एक गोष्ट सगळ्यांनी मिळून केली. मोठ्या कॅनव्हासवर तैलरंग चढवणं हेच खरं दमदार काम, असा तेव्हा दंडक होता. यांनी कागद घेतला आणि पाण्यात कालवलेले रंग घेतले. कागद आणि पाण्याचे रंग म्हणजे हलकं काम, बायकी छंद, असं मानलं जायचं. माझं मत विचाराल तर त्यांनी तोच शेरा उचलून आपल्या कामाला लावला. शिवाय कागदाचा एक गुण आपल्याला लगेच कळतो. तो गुंडाळून ठेवता येतो, पोर उठलं की बाजूला सारता येतो, आणि प्रदर्शन गावोगाव न्यायचं तर गाठोडंही हलकं होतं.

आणखी एक. चौघींपैकी तिघींचे नवरे चित्रकारच, आणि नावाजलेले. नीलिमाताईंचे गुलाममोहम्मद शेख तर त्या १९८१ च्या सहांत होते. नवऱ्यानं साथ दिली ही चांगलीच गोष्ट. पण 'अमक्याची बायको, तीही चित्रं काढते' हे वाक्य किती वेळा ऐकावं लागलं असेल, हे तुम्ही-आम्ही सांगू शकतो.

पुढे काय झालं? जे व्हायचं ते झालं, बाजार मागून आला. अर्पिताताईंचं एक मोठं चित्र २०१० साली लिलावात साडेनऊ कोटींच्या वर गेलं. नलिनीताईंना २०२३ साली जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला. चौघींची चित्रं आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत.

मला मात्र नलिनीताईंचं एक काम फार आठवतं. १९९२ सालचं. त्याच गॅलरी केमोल्डमध्ये, जहांगीरच्या वरच्या मजल्यावर, विकणाऱ्या दुकानात, त्यांनी चित्रं टांगलीच नाहीत. सरळ भिंतीवर काढली, आणि ती एकटीनं नाही, सोबतीला हात घेऊन. राजस्थानात नाथद्वाऱ्याची जुनी भिंतीचित्रं निष्काळजीपणानं नष्ट होत होती, त्याचा हा निषेध होता. पंधरा दिवस लोक आले, बघून गेले. कुठल्याच चित्रावर लाल टिकली लागली नाही. लागणार कशी, भिंत कोण उचलून नेणार? पंधरा दिवस संपले आणि त्यावर चुना फिरवला.

ही गोष्ट मी आमच्या काकूंना सांगितली. काकू गोधडीचा टाका घालत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मग पाडव्याला आपण दुसरं काय करतो?" थोड्या वेळानं म्हणाल्या, "नाव कुठं लिहितात म्हणालीस?" मी म्हटलं, चित्राशेजारी, बोटभर चिठ्ठीवर. त्यांना लिहिता येत नाही. नातीला हाक मारून त्यांनी पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर पेनानं नाव लिहून घेतलं आणि त्यावरून लाल दोऱ्यानं टाके घालत बसल्या. पट्टी गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात लावली आहे, चारी बाजूंनी पक्की. दुकानवाल्यानं काढायची म्हटली तर गोधडीच उसवावी लागेल.