राइट क्लिक करताच संगणक गोठतो तेव्हा...

एखाद्या फाइलचे नाव बदलायचे असते किंवा ती पेनड्राइव्हवर पाठवायची असते. फाइलवर बाण नेऊन माऊसचे उजवे बटण दाबले जाते. परंतु नेहमीचा मेनू उघडण्याऐवजी निळे वर्तुळ फिरू लागते. क्षणभराने खिडकी पांढुरकी होते, शीर्षकपट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी अक्षरे उमटतात आणि पाठोपाठ डेस्कटॉप व खालची टास्कबारही निश्चल होते. नवल म्हणजे त्याच वेळी उघडे असलेले ब्राउझर किंवा वर्ड मात्र व्यवस्थित चालू असते.

ही तक्रार घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेल्यास बहुधा एकच उत्तर मिळते : 'मशीन फॉरमॅट करावे लागेल.' फॉरमॅट म्हणजे विंडोज नव्याने बसवणे, सगळी सॉफ्टवेअर पुन्हा टाकणे आणि बॅकअप नीट घेतलेला नसेल तर वर्षानुवर्षांची छायाचित्रे व हिशेब यांवर पाणी सोडणे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या फाँटमध्ये ज्यांनी मराठी मजकूर लिहून ठेवला आहे, त्यांचे नुकसान तर दुहेरी. फाइल वाचली तरी तो फाँट पुन्हा मिळाला नाही, तर पडद्यावर निरर्थक चिन्हे तेवढी दिसतात. एवढे करूनही दोष जाईल याची खात्री नसते. कारण जुनी सॉफ्टवेअर परत टाकली की त्यांच्याबरोबर दोषही परत येतो. खरे तर या दोषाचे मूळ बहुतेक वेळा विंडोजमध्ये नसतेच. ते बाहेरून आलेल्या एखाद्या लहानशा प्रोग्रॅममध्ये असते आणि घरच्या घरी, अर्ध्या तासात शोधता येते.

मेनू तयार कसा होतो?

फायली व फोल्डर दाखवणारा 'विंडोज एक्स्प्लोरर' हा प्रोग्रॅम १९९५ साली विंडोज ९५ बरोबर आला. २०१२ मध्ये विंडोज ८ पासून त्याला 'फाइल एक्स्प्लोरर' असे नाव मिळाले. फोल्डरच्या खिडक्यांप्रमाणेच डेस्कटॉप आणि टास्कबार रंगवण्याचे कामही हाच प्रोग्रॅम करतो. म्हणूनच तो अडकला की संपूर्ण संगणकच बंद पडल्याचा भास होतो.

राइट क्लिकचा मेनू आधीपासून तयार नसतो. प्रत्येक क्लिकच्या वेळी तो नव्याने रचला जातो. 'कॉपी', 'डिलीट', 'प्रॉपर्टीज' ही कलमे विंडोजची स्वतःची असतात. पण फायलींची गठडी बांधणारी विनझिप किंवा विनरारसारखी सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस, इंटरनेटवर फायली साठवणाऱ्या सेवा, ग्राफिक्स कार्डचे ड्रायव्हर हे सारे आपापले कलम त्यात घालतात. काही कलमे म्हणजे रजिस्ट्रीत लिहिलेली साधी ओळ असते. त्यांचा उपद्रव नाही. इतरांसाठी मात्र त्या सॉफ्टवेअरचा एक तुकडा एक्स्प्लोररच्या पोटात शिरून चालतो. याला 'शेल एक्स्टेन्शन' म्हणतात. क्लिक होताच एक्स्प्लोरर अशा प्रत्येक तुकड्याला विचारतो, 'या फाइलसाठी तुला काही सांगायचे आहे का?' सर्वांची उत्तरे येईपर्यंत मेनू उघडत नाही.

सोसायटीच्या नोटिशीवर प्रत्येक सभासदाची सही हवी आणि एक सभासद परगावी, अशी ही स्थिती आहे. एखादे एक्स्टेन्शन बंद असलेल्या सर्व्हरची वाट पाहत बसले, विंडोजच्या नव्या आवृत्तीशी त्याचे जमेनासे झाले किंवा त्याचे मूळ सॉफ्टवेअर अर्धवट काढले गेले, की बाकीचे सगळे त्याच्यासाठी खोळंबतात.

आधी सुटका

संगणक गोठल्यावर थेट पॉवरचे बटण दाबून ठेवण्याची सवय अनेकांना असते. ते टाळावे, न जतन केलेले काम त्यात जाते. मिनिटभर थांबून पाहावे. काही एक्स्टेन्शन ठरावीक मुदतीनंतर वाट पाहणे सोडतात आणि मेनू उघडतो. तो किती वेळाने उघडला, हेही लक्षात ठेवावे. नाहीच उघडला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून 'टास्क मॅनेजर' उघडावा, यादीतील 'विंडोज एक्स्प्लोरर' निवडून 'रिस्टार्ट' करावे. विंडोज ७ किंवा त्याआधीच्या संगणकावर ही सोय नव्हती, तेथे 'एक्स्प्लोरर.एक्सई' ही प्रोसेस बंद करून फाइल मेनूतील 'न्यू टास्क'मधून तेच नाव टाइप करावे लागते. टास्कबार क्षणभर नाहीशी होऊन परत येते आणि इतर प्रोग्रॅमना धक्का लागत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. फायलींची कॉपी हेही एक्स्प्लोररचेच काम असल्याने, त्या वेळी मोठी कॉपी चालू असेल तर ती अर्धवट तुटते.

गोठतो नेमका कुठे?

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी पाच मिनिटे केवळ निरीक्षणात घालवावीत. निम्मे उत्तर तिथेच मिळते.

कोणत्याही फाइलवर क्लिक केले तरी संगणक गोठत असेल, तर सर्व फायलींसाठी नोंदवलेले एक्स्टेन्शन संशयित ठरते. अँटिव्हायरस व गठडी बांधणारी सॉफ्टवेअर या गटात येतात. फायली ठीक, पण फोल्डरवर क्लिक करताच अडचण, असे असेल तर फोल्डरसाठीची नोंद वेगळी असते. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर क्लिक केल्यावरच मेनू रेंगाळत असेल, तर ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरकडे पाहावे. पडद्याच्या मांडणीचे कलम तेच तिथे घालतात.

एकाच प्रकारच्या फायली, उदाहरणार्थ फक्त व्हिडिओ, त्रास देत असतील तर आणखी एक चाचणी करावी. फाइलवर डावे बटण एकदाच दाबून ती नुसती निवडावी. तेवढ्यानेच खिडकी गोठली, तर दोष मेनूचा नाही. फाइलचे लघुचित्र किंवा माहिती काढणारा भाग अडकतो आहे. अशा वेळी 'फोल्डर ऑप्शन्स'मधील 'व्ह्यू' या पानावर 'ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स' या ओळीपुढे खूण करून पाहावी. उजवीकडे फाइलची झलक दाखवणारा भाग उघडा असल्यास तोही ऑल्ट आणि पी या कळांनी बंद करावा. अर्धवट डाउनलोड झालेली एखादी व्हिडिओ फाइल अख्खे फोल्डर वेठीस धरू शकते.

मेनू उघडतो, पण 'सेंड टू'वर बाण नेताच सारे थांबते, हा प्रकार कार्यालयांत अधिक आढळतो. या यादीत जोडलेले ड्राइव्हही येतात. पूर्वी कधीतरी जोडलेला आणि आता अस्तित्वात नसलेला नेटवर्क ड्राइव्ह त्यात राहून गेला असेल, तर विंडोज त्याचा शोध घेत राहते. 'धिस पीसी'मध्ये लाल फुली असलेला ड्राइव्ह दिसल्यास त्यावर क्लिक करून 'डिस्कनेक्ट' करावे. क्लिकच करता येत नसेल, तर वरच्या पट्टीतही ही आज्ञा असते. बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क निद्रावस्थेत गेली असेल तर ती फिरू लागेपर्यंतचे काही सेकंदही असेच भासतात. तो दोष नव्हे.

विंडोज ११ वापरणाऱ्यांसाठी एक सोपी कसोटी आहे. २०२१ मध्ये आलेल्या या आवृत्तीत राइट क्लिकवर प्रथम छोटा मेनू उघडतो आणि जुना, लांबलचक मेनू 'शो मोअर ऑप्शन्स'मागे दडवलेला असतो. छोटा मेनू झटकन उघडून जुन्या मेनूपाशीच अडत असेल, तर दोषी जुन्या पद्धतीचे एक्स्टेन्शन आहे असे धरून चालावे. रजिस्ट्रीत बदल करून अनेकांनी जुना मेनू थेट परत आणला आहे. त्यांना अर्थातच ही कसोटी लागू होत नाही.

आता दोषी पकडण्याची रीत

या कामासाठी नीरसॉफ्टचा 'शेलएक्सव्ह्यू' हा लहानसा, विनामूल्य प्रोग्रॅम वर्षानुवर्षे वापरात आहे. तो मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावा आणि ६४ बिट विंडोजसाठी ६४ बिटचीच आवृत्ती घ्यावी. ६४ बिट एक्स्प्लोररमध्ये ३२ बिट एक्स्टेन्शन चालत नाहीत, त्यामुळे चुकीची आवृत्ती घेतल्यास भलत्याच यादीत शोध सुरू होतो. (एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरच्या 'ओपन'च्या चौकटीत क्लिक केल्यावरच गोठत असेल, तर मात्र ३२ बिटची यादीच पाहायला हवी.)

प्रोग्रॅम उघडल्यावर संगणकातील सर्व एक्स्टेन्शनची लांब यादी समोर येते. ती पाहून घाबरण्याचे कारण नाही. 'ऑप्शन्स'मधून फक्त 'कॉन्टेक्स्ट मेनू' हा प्रकार निवडला की यादी आटोक्यात येते. मायक्रोसॉफ्टखेरीज इतरांची एक्स्टेन्शन गुलाबी पार्श्वभूमीवर दिसतात. आपले लक्ष केवळ त्यांच्यावर ठेवावे. विंडोजच्या स्वतःच्या नोंदींना हात लावू नये.

प्रथम सर्व गुलाबी ओळी निवडून एफ७ दाबावे. त्या निष्क्रिय होतात, पुसल्या जात नाहीत. मग टास्क मॅनेजरमधून एक्स्प्लोरर पुन्हा सुरू करावा. हा टप्पा बरेच जण विसरतात. आधीच पोटात शिरलेले एक्स्टेन्शन एक्स्प्लोरर बंद होईपर्यंत तिथेच राहते आणि 'काही फरक पडला नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. मेनू आता सुरळीत उघडला, तर दोषी या यादीत आहे हे सिद्ध झाले.

त्यानंतर एकेक तपासत बसण्याची गरज नाही. निम्मी एक्स्टेन्शन एफ८ दाबून सुरू करावीत, एक्स्प्लोरर पुन्हा सुरू करावा आणि क्लिक करावे. गोठला तर दोषी या निम्म्यात, नाही तर उरलेल्यांत. पुन्हा त्या गटाचे दोन भाग. १६ एक्स्टेन्शन असली तरी चार फेऱ्यांत एकाच नावावर बोट ठेवता येते. क्वचित दोन सॉफ्टवेअरचे आपसांत जमत नाही आणि स्वतंत्रपणे दोन्ही निर्दोष ठरतात, तेव्हा चित्र गोंधळाचे होते. दोन प्रकारचे अँटिव्हायरस एकाच संगणकावर असतील तर आधी त्यांतील एक काढावा, हे उत्तम.

ज्यांना बाहेरचा प्रोग्रॅम नको, त्यांच्यासाठी 'ऑटोरन्स' आहे. मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्सचा हा प्रोग्रॅम २००६ मध्ये ती कंपनी विकत घेतल्यापासून मायक्रोसॉफ्टच देते. त्यातील 'एक्स्प्लोरर' या पानावर मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवून उरलेल्यांसमोरील खुणा काढायच्या. रीत तीच.

दोषी सापडल्यावर त्याला लगेच हाकलण्याची आवश्यकता नसते. त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती पुष्कळदा पुरते. सेव्हन-झिप व विनरार यांच्या सेटिंगमध्ये मेनूतील कलमे काढून टाकण्याची सोय आहे. सॉफ्टवेअर राहते, उपद्रव जातो. अँटिव्हायरसचे मेनूतील कलम बंद केल्याने त्याचे मूळ संरक्षण थांबत नाही, केवळ क्लिक करून फाइल तपासण्याची सोय जाते.

वेळखाऊ सल्ले

या तक्रारीवर सर्रास सुचवल्या जाणाऱ्या काही उपायांबद्दल सांगितले पाहिजे. 'एमएसकॉन्फिग'मधून सर्व सेवा व सुरुवातीचे प्रोग्रॅम बंद करून पाहा, असे म्हटले जाते. परंतु एक्स्टेन्शन ही सेवा नव्हे. एक्स्प्लोरर तिला स्वतः बोलावतो, त्यामुळे या चाचणीत दोषी सहीसलामत सुटतो. 'एसएफसी'ची आज्ञा विंडोजच्या मूळ फायली तपासते. तिने अपाय होत नाही, पण बाहेरच्या सॉफ्टवेअरचा दोष ती दुरुस्त करू शकत नाही. रजिस्ट्री स्वच्छ करून देण्याचा दावा करणाऱ्या प्रोग्रॅमपासून तर दूरच राहावे. हजारो 'चुका' दाखवून पैसे मागणे हा त्यांतील अनेकांचा उद्योग आहे आणि भलती नोंद पुसली गेल्यास चालू असलेले सॉफ्टवेअरही बंद पडते.

विंडोज एक्सपीचा एक दोष मात्र खुद्द मायक्रोसॉफ्टचा होता. राइट क्लिकचा मेनू उघडा असेपर्यंत प्रोसेसरचा वापर १०० टक्क्यांवर जाई. मेनू हळुवार उमटण्याचा दृश्यपरिणाम बंद करणे किंवा आधी डाव्या बटणाने फाइल निवडणे, हा त्यावरचा तोडगा होता. एक्सपीची अधिकृत देखभाल एप्रिल २०१४ मध्ये संपली असली, तरी एखाद्या यंत्राला किंवा जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला जोडलेला असा संगणक अजून कुठे चालू असेल, तर हे ठाऊक असलेले बरे.

एका परिस्थितीत मात्र वरचे सारे बाजूला ठेवावे. सर्व बाहेरची एक्स्टेन्शन बंद करूनही विशिष्ट फोल्डरमध्येच संगणक गोठत असेल, फायली उघडायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागत असेल किंवा हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर डिस्कच निकामी होत चालली असण्याची शक्यता असते. 'इव्हेंट व्ह्यूअर'मधील 'सिस्टिम' या नोंदवहीत 'डिस्क' या नावाखाली ७ क्रमांकाची नोंद दिसली, तर डिस्कवर खराब झालेला भाग आहे असा तिचा अर्थ. अशा वेळी डिस्क दुरुस्त करण्याची आज्ञा लगेच देऊ नये. तिच्यामुळे मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर आणखी ताण येतो. आधी महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात. त्यातही पुन्हा मिळणार नाहीत अशा, म्हणजे छायाचित्रे, दस्तऐवज आणि ते जुने मराठी फाँट, सर्वांत आधी.