दुभाजक आणि फाटा : हिंगोलीच्या महामार्गाविषयी एक टिपण

मार्गविषयक मराठी शब्दांत इतिहासाचे थर साठलेले आहेत. 'वाट' हा शब्द संस्कृत 'वर्त्मन्' पासून प्राकृताच्या द्वारे उतरला. 'रस्ता' फारसीतून आला, तर 'सडक' हिंदुस्थानीतून. हिंगोलीचा भूभाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि एकोणिसाव्या शतकात तेथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती; 'सडक' हा शब्द या बाजूस अधिक घरगुती वाटतो, याचे नवल नाही. या मालिकेतील सर्वांत अलीकडचा शब्द 'दुभाजक' होय. प्रस्तुत टिपणाचा विषय तोच आहे.

हा शब्द भूमितीतून आला. कोनदुभाजक, लंबदुभाजक हे शब्द शालेय पुस्तकांनी रुळविले. भूमितीतील दुभाजक ही रुंदी नसलेली, कोठेही न तुटणारी रेषा असते. रस्त्यावरील दुभाजकास रुंदी असते आणि तो जागोजागी तुटतो. शब्दाने वस्तूविषयी दिलेले आश्वासन वस्तू पाळीत नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

समोरासमोरची टक्कर टाळावी म्हणून दुभाजक निर्माण झाला खरा, पण त्याचा जन्म एका दिवसात झाला नाही. कोलोन ते बॉन हा १९३२ साली खुला झालेला जर्मन मोटारमार्ग चौपदरी होता, परंतु त्याच्या मध्ये पट्टा नव्हता. १९३५ च्या फ्रँकफर्ट–डार्मस्टाट मार्गावर तो आला. इंग्लंडातील एम-१ हा मार्ग १९५९ साली सुरू झाला तेव्हा मध्ये पट्टा होता, पण वाहन अडविणारा कठडा नव्हता. मोकळी जमीन वाहनांना वेगळे ठेवते. भरकटलेले वाहन ती थोपवीत नाही. हाच धडा महाराष्ट्रास मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर मिळाला. हा मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. २३ डिसेंबर २०१२ रोजी दुभाजक ओलांडून आलेल्या टेम्पोची धडक बसून आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे हे नट याच मार्गावर मृत्यू पावले. पुढे तेथे दुभाजकावर तारदोरांचे कठडे बसविण्यात आले.

हिंगोलीचा प्रश्न मात्र निराळा आहे. अकोल्याहून वाशीम, कनेरगाव नाका, हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर असा वारंगा फाट्यास व पुढे नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ अलीकडे चौपदरी झाला. वारंगा फाट्यावर त्यास नागपूरकडून येणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग मिळतो. हा द्रुतगती मार्ग नव्हे. गावे, शेते आणि शाळा त्यास लागूनच आहेत. आणि येथे 'फाटा' हा जुना शब्द पुढे येतो. 'फाटणे' या क्रियापदावरून झालेला हा शब्द केवळ भूगोल सांगत नाही. फाटा म्हणजे एस. टी. थांबण्याचे ठिकाण, चहाचे दुकान, निरोप ठेवण्याची जागा. फाट्यावर रस्ता ओलांडावयाचाच असतो. जुन्या एकेरी सडकेवर ते सोपे होते, कारण वेग कमी होता आणि गावकरी व वाहनचालक एकमेकांस दुरून दिसत.

आता थोडे गणित करू. बैलगाडी सेकंदास सुमारे एक मीटर चालते. एका बाजूची रुंदी आणि बैलांसह गाडीची लांबी मिळून १५ मीटर धरल्यास ओलांडण्यास १५ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी १०० किलोमीटर वेगाचे वाहन ४१५ मीटरांहून अधिक अंतर तोडते. म्हणजे गाडीवानाने पाऊल उचलले तेव्हा जे वाहन जवळजवळ अर्धा किलोमीटर दूर होते, तेही त्यास गाठू शकते. हळद किंवा ऊस भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टरची गोष्ट रात्री याहून बिकट होते.

बरे, ही मोकळी जागा बुजवून टाकली तर? पुढची मोकळी जागा दोन किलोमीटरांवर असल्यास समोरच्या शेतात जाण्यासाठी गाडीवानास जाऊन-येऊन चार किलोमीटरांचा फेरा पडेल. बैलांच्या चालीने एक तासाहून अधिक. तो उलट्या बाजूने जाणार, हे सांगावयास पंडित नको. समृद्धी महामार्गावर गावच्या वाटा खालून नेल्या आहेत, त्यामुळे तेथे हा पेच नाही; तथापि १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ २५ प्रवाशांचा बळी घेणारी बस दुभाजकावरच आदळली होती, हे विसरता येत नाही.

या मोकळ्या जागेस मराठीत रुळलेले नाव अद्याप नाही. कोणी 'कट' म्हणतो, कोणी 'छेद'. ही उणीव भाषेपुरती राहत नाही. अपघाताच्या फिर्यादीत 'भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे' ही शब्दावली ठरलेली असते. ती चालकाचे वर्तन सांगते. मोकळी जागा कोठे होती, पुढची किती दूर होती, भुयारी मार्ग होता की नव्हता, हे त्या वाक्यात मावत नाही. उद्या एखादा विद्यार्थी या फिर्यादींवरून मराठवाड्यातील रस्त्यांचा इतिहास लिहू लागला, तर त्यास बेफिकीर चालकच तेवढे सापडतील. त्याने फिर्यादीबरोबर पंचनाम्याचा नकाशा मागवावा आणि त्यावर फाटा कोठे आहे ते आधी पाहावे.