जुनी मराठी सॉफ्टवेअर आणि नवी संगणक-प्रणाली : मजकुराच्या स्थलांतराचा इतिहास

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि मोडी कागदपत्रे डोळ्यांपुढे येतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांत संगणकावर जुळविलेल्या मराठी मजकुराची भर पडली. कवठे महांकाळसारख्या तालुक्याच्या गावीही डी.टी.पी. केंद्रे निघाली. सहकारी संस्थांचे अहवाल, शाळा-महाविद्यालयांच्या स्मरणिका, उत्सवांची माहितीपत्रके आणि संशोधकांचे प्रबंध खिळ्यांऐवजी संगणकावर जुळू लागले. जेथे छापील प्रत उरलेली नाही, तेथे फ्लॉपी अथवा सीडीवरील फाईल हाच त्या लेखनाचा एकमेव पुरावा ठरतो. आजच्या संगणकावर अशी फाईल उघडली असता बहुधा रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसते आणि ती ज्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाली, ते नव्या प्रणालीवर चालत नाही. ही स्थिती कशी उद्भवली आणि तीवर कोणते उपाय योजले गेले, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

जिस्ट कार्डाचा काळ

संगणकावरील भारतीय लिप्यांच्या इतिहासात आय.आय.टी. कानपूर येथे १९८० च्या दशकात झालेल्या संशोधनाला महत्त्वाचे स्थान आहे. त्यातून विकसित झालेले जिस्ट तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेकडे आले. डॉस प्रणालीच्या संगणकात जिस्ट कार्ड बसविले की वर्डस्टार, डीबेस यांसारख्या मूळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्येही देवनागरी मजकूर भरता येई. मूळ सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी बदल करावा लागत नसे. म्हणजेच हाती असलेले सॉफ्टवेअर नव्या गरजेसाठी राबविणे, हे मराठी संगणकलेखनाच्या आरंभापासूनचे धोरण होते.

या पद्धतीचा पाया भक्कम होता. प्रत्येक वर्णाला एक ठरावीक सांकेतिक क्रमांक आणि त्याचे पडद्यावरील रूप स्वतंत्रपणे ठरविण्याची सोय, असे तिचे स्वरूप होते. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ या नावाने हे संकेतन प्रमाणित केले. दोष होता तो कार्डावरील अवलंबनाचा. कार्ड ज्या खाचेत बसे, ती खाच पुढील पिढीच्या संगणकांतून नाहीशी झाली आणि कार्डाला जागाच उरली नाही.

फॉन्टांचे राज्य

१९९५ नंतर विंडोजचा प्रसार झाला आणि चित्र पालटले. कार्डाची जागा फॉन्टांनी घेतली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आय.एस.एम. प्रणाली, आकृती आणि कृतिदेव अशी अनेक साधने बाजारात आली. त्यांनी मराठी मुद्रणाचा वेग व सौष्ठव वाढविले, हे निर्विवाद आहे. मात्र प्रमाणित संकेतनाची शिस्त या काळात सुटली. फॉन्टातील रोमन अक्षरांच्या घरांत काना, वेलांटी, अर्धी व पूर्ण अक्षरे यांची चित्रे बसविण्यात आली आणि प्रत्येक निर्मात्याने ती आपापल्या सोयीने बसविली.

याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘कवठे’ हा शब्द लिहिला असता संगणकाच्या स्मृतीत डी, ओ, मोठा बी आणि एस ही चार रोमन अक्षरे साठविली जातात. तो फॉन्ट असेल तोवर डोळ्यांना ‘कवठे’ दिसते. फॉन्ट गेला की गावाचे नावही जाते. ‘किती’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर साठविला जातो, म्हणजे उच्चाराचा क्रमही उलटतो. अशा फाईलमध्ये मराठी दिसत होती. परंतु साठविलेली नव्हती.

नव्या प्रणालीवर जुने सॉफ्टवेअर

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्या धर्तीवर होती. विंडोज २००० पासून ती प्रत्यक्ष वापरात आली. तथापि कार्यालये व छापखाने यांचा संचित मजकूर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असल्याने तेच चालू ठेवण्याकडे कल राहिला.

त्यासाठी तीन मार्ग उपलब्ध झाले. पहिला, २००१ मधील विंडोज एक्सपीतील ‘कम्पॅटिबिलिटी’ची सोय, तिच्यामुळे जुन्या सॉफ्टवेअरला आपण जुन्याच विंडोजवर चालत आहोत असे भासविले जाई. दुसरा, नव्या संगणकाच्या आत जुन्या संगणकाची आभासी प्रतिकृती चालविणे. २००९ च्या विंडोज ७ मधील काही आवृत्त्यांना ‘एक्सपी मोड’ या नावाने ही सोय लाभली. तिसरा, डॉसची नक्कल करणारी डॉसबॉक्ससारखी सॉफ्टवेअर.

या तिन्ही मार्गांना मर्यादा होत्या. ६४-बिट विंडोजने १६-बिट सॉफ्टवेअरला दार बंद केले आणि २०२१ मधील विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपातच आली. काही प्रकाशन-सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या जुन्या पोर्टमध्ये बसणारे ‘लॉक’ आवश्यक असे. ते पोर्टच नव्या संगणकांत उरले नाही. एक्सपीचा अधिकृत आधार एप्रिल २०१४ मध्ये संपल्यावर ती प्रणाली इंटरनेटला जोडलेल्या यंत्रावर वापरणेही धोक्याचे ठरले. जुने सॉफ्टवेअर चालविणे ही यामुळे मुदतीची सोय ठरते. तिला जतन म्हणता येत नाही.

रूपांतर आणि पडताळणी

उरतो तो मार्ग जुन्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचा. रूपांतरक सॉफ्टवेअर हे काम झपाट्याने करतात. परंतु मराठीची काही वैशिष्ट्ये त्यांच्या हातून निसटू शकतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. रूपांतरात या दोन ‘र’कारांतील भेद पुसला गेला, तर भूवर्णनाचा अर्थच बदलतो. ‘ॲ’ या अक्षराला तर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र स्थान मिळाले. म्हणून यंत्राने केलेले रूपांतर मराठी जाणणाऱ्या माणसाने मूळ प्रतीशी ताडून पाहणे अपरिहार्य ठरते.

अशा पडताळणीचा आदर्श महाराष्ट्रात उपलब्ध आहे. संगणकीकृत सातबारा हस्तलिखित सातबाऱ्याशी जुळावा, यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडीवाचन झाले. नोंदी खातेदारांसमोर वाचल्या गेल्या, चुका निदर्शनास आणल्या गेल्या. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. जमिनीच्या बाबतीत जी दक्षता घेतली गेली, ती स्थानिक इतिहासाच्या बाबतीतही आवश्यक आहे.

मोडीचा अनुभवही हेच सांगतो. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा मोडी वाचणारे गावोगावी होते. आज रुमाल शाबूत असूनही वाचणारे विरळ झाले आहेत. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले, तथापि त्यामुळे मोडीचे वाचक आपोआप निर्माण झाले नाहीत. मोडीच्या कागदाला निदान वाळवीपासून वाचविले तर शतकानंतरही तो वाचता येतो. फ्लॉपीला तेवढा अवकाश मिळत नाही.

समारोप

मिरज-पंढरपूर हा कवठे महांकाळवरून जाणारा लोहमार्ग पूर्वी ७६२ मि.मी. रुंदीचा नॅरोगेज होता. त्याचे ब्रॉडगेज झाल्यावर जुन्या वाघिणी निरुपयोगी ठरल्या, मालाची वाहतूक मात्र नव्या वाघिणींतून चालू राहिली. सॉफ्टवेअर ही वाघीण आहे आणि मजकूर हा माल. वाघीण मोडीत निघण्यापूर्वी माल उतरवून घेणे, एवढ्यापुरतीच जुने सॉफ्टवेअर चालू ठेवण्याची उपयुक्तता आहे. ज्या केंद्रांत व कार्यालयांत जुने संगणक अद्याप सुरू होतात, तेथील फाईल उतरवून त्यांची मुद्रित प्रत व युनिकोड प्रत तयार करणे, कोणता फॉन्ट वापरला होता याची नोंद ठेवणे आणि दोन्ही प्रती ताडून पाहणे, ही कामे ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास, मराठी व संगणकशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे हाती घेण्याजोगी आहेत. ज्यांनी हा मजकूर जुळविला ती माणसे आज हयात आहेत आणि फॉन्टांची नावे त्यांच्या स्मरणात आहेत. या कार्यास विलंब लागल्यास तालुक्याच्या अलीकडच्या इतिहासाची साधने मोडी रुमालांहूनही दुर्बोध होतील.