ऐकणे आणि आज्ञा : ओतूरच्या समाधीपासून ‘ख्रिस्तायना’पर्यंत

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आपल्या समीक्षेने प्रामुख्याने दोन अंगांनी केला आहे. एक म्हणजे मिशनऱ्यांच्या मुद्रणकार्याचा आणि गद्यघडणीचा इतिहास. दुसरे म्हणजे संतकाव्याच्या रचनाबंधांचा ख्रिस्ती कवींनी केलेला स्वीकार. पहिल्या विचारात वाङ्मय हे धर्मप्रसाराचे साधन ठरते, तर दुसऱ्यात ते वारकरी परंपरेचे अनुकरण ठरते. ज्या अनुभवातून हे वाङ्मय निर्माण झाले, तो शांत श्रद्धेचा आणि ईश्वराच्या आज्ञापालनाचा अनुभव मात्र दोन्हींत बाजूला राहतो. त्याचे मराठी रूप कसे घडले, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचा शोध घेताना प्रारंभबिंदू म्हणून जुन्नर तालुक्यातील ओतूर या गावाकडे जावे लागते.

१

मांडवी नदीच्या काठी वसलेले ओतूर कपर्दिकेश्वराच्या मंदिरासाठी आणि तेथील श्रावणी सोमवारच्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. वारकरी परंपरेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी येथे असल्याचे संप्रदाय मानतो. केशव चैतन्य आणि बाबाजी चैतन्य ही एकाच पुरुषाची नावे की दोन भिन्न व्यक्ती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तुकोबांनी आपल्या अभंगात राघव चैतन्य, केशव चैतन्य ही परंपरेची खूण आणि बाबाजी हे गुरूचे नाव नोंदवले आहे, आणि बहिणाबाई शिऊरकरांनी ही परंपरा आपल्या गुरुपरंपरेच्या अभंगात मांडली आहे, एवढे येथे पुरेसे आहे.

या गुरुशिष्यसंबंधाचे वैशिष्ट्य असे, की त्यात प्रत्यक्ष सहवास नाही. उपदेश स्वप्नात होतो. गुरू मस्तकावर हात ठेवतात, भोजनासाठी पावशेर तूप मागतात, मंत्र देतात आणि त्वरेने निघून जातात. मागितलेले तूप द्यायचे राहून जाते. स्वप्नातच विसर पडतो. या वृत्तान्ताकडे आख्यायिका म्हणून पाहिले, तर त्यातील सूक्ष्म ताण हातून निसटतो. गुरूची पहिलीच साधी मागणी शिष्याकडून पुरी होत नाही, आणि तरीही कृपा मागे घेतली जात नाही. त्वरेचे कारण काय असावे, ही रुखरुख तुकोबा लपवीत नाहीत. आज्ञापालन येथे कृपेची पूर्वअट नाही. ते कृपेनंतर सुरू होणारे, आयुष्यभर अपुरे राहणारे ऋण आहे.

२

ख्रिस्ती धर्मविचारात आज्ञापालनाला मध्यवर्ती स्थान आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभीच विश्वास आणि आज्ञापालन यांची सांगड घातली आहे. गेथशेमाने बागेतील येशूची प्रार्थना ही पित्याच्या इच्छेपुढे स्वतःची इच्छा ठेवून देण्याची प्रार्थना आहे. नव्या करारात आज्ञापालनासाठी येणारा ग्रीक शब्द मुळात ‘ऐकणे’ या धातूपासून झालेला आहे. हिब्रू भाषेतही ऐकण्याचे आणि मानण्याचे क्रियापद एकच आहे.

मराठीतही नेमकी हीच सोय आहे. ‘तो कोणाचे ऐकत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या कानांविषयी बोलत नसतो. ‘ऐकणे’ या क्रियापदात श्रवण आणि अनुसरण एकत्र नांदतात. उलट ‘आज्ञा’ हा शब्द दरबारी आहे. त्याच्यामागे सिंहासन, हुकूम आणि शिक्षा यांची सावली असते. धर्मग्रंथांच्या भाषांतरांतून ख्रिस्ती मराठीत ‘आज्ञा’, ‘आज्ञाधारक’, ‘आज्ञापालन’ ही शब्दावली रूढ झाली, आणि परकीय राज्यकर्त्यांच्या काळात ती रूढ झाल्यामुळे तिला एक अधिकारी स्वर चिकटला. शिकलेल्या नसलेल्या स्त्रियांनाही कळावे म्हणून साध्या मराठीत बायबल उतरवण्याचा पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) धरलेला आग्रह या संदर्भात पाहावा. त्यांचे संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ईश्वराची आज्ञा फर्मानासारखी न वाटता घरातल्या बोलण्यासारखी ऐकू यावी, हा भाषेइतकाच श्रद्धेचाही प्रश्न होता.

त्याआधी तीन शतके, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराणा’त ओवीचा अवलंब केला होता. पुराणश्रवणाची सवय असलेल्या समाजापुढे नवी कथा ठेवताना त्यांनी ऐकण्याचा जुना संस्कारच आधाराला घेतला. ज्ञानदानाचा हेतू तेथे प्रधान होता. श्रोत्याचे अंतःकरण आज्ञेपुढे कसे नमते आणि कोठे अडते, याचे चित्रण होण्यासाठी मराठीला आत्मपर काव्याची आणि आत्मचरित्राची वाट पाहावी लागली.

३

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या हाती १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाकडून नवा करार आला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. या कबुलीचा उल्लेख नेहमी होतो. तिचा अर्थ मात्र क्वचित तपासला जातो. तुकोबांकडून टिळकांनी केवळ अभंगाचा छंद घेतला असता, तर ‘अभंगांजली’ ही एक रचनाचातुर्याची कृती ठरली असती. त्यांनी घेतला तो संबंधाचा प्रकार. ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारताच आज्ञेमागचे सिंहासन नाहीसे होते. आईचे ऐकायचे असते. तिच्या हुकमाची अंमलबजावणी करायची नसते.

तथापि येथे एक भेद नोंदवला पाहिजे. तुकोबांचा भक्त देवाशी भांडतो, त्याला दिवाळखोर ठरवतो. त्याच्या शरणागतीत कलहाला जागा आहे. टिळकांच्या अभंगांत हा कलह बराच ओसरलेला दिसतो. त्यांचा झगडा देवाशी नसून देवाच्या नावाने उभारलेल्या व्यवस्थेशी होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाने आपल्या देशाला आणि भाषेला परके व्हावे, हे त्यांना मान्य नव्हते. १९१७ मध्ये ते मिशनच्या सेवेतून मुक्त झाले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी त्यात यावेत, ही त्यांची कल्पना होती. संस्थेची आज्ञा आणि ईश्वराची आज्ञा यांत अंतर पडले, तेव्हा त्यांनी दुसरी निवडली. आज्ञाधारकपणा म्हणजे निमूटपणा हे समीकरण या निर्णयापुढे टिकत नाही.

४

पण आज्ञापालनाची किंमत कोण मोजतो? टिळकांच्या काव्यात न मिळणारे याचे उत्तर लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८–१९३६) ‘स्मृतिचित्रां’त मिळते. पतीने अंतरीची हाक ऐकली आणि पत्नी काही वर्षे पतीवाचून, नातलगांच्या आधाराने राहिली. तिला कोणतीही हाक ऐकू आलेली नव्हती. लक्ष्मीबाई हे दुःख लपवीत नाहीत आणि त्याचे भांडवलही करीत नाहीत. त्यांचा विनोद हाच त्यांच्या श्रद्धेचा स्वर आहे. पुढे त्या नगरला पतीकडे आल्या, तरी धर्मांतरासाठी नव्हे. सोवळेओवळे पाळीत त्या ख्रिस्ती वस्तीत राहिल्या. जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, या प्रश्नाचा उलगडा त्यांनी स्वतःच्या मनाशी केला, आणि मगच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायला त्या सिद्ध झाल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला, म्हणजे पतीनंतर पाच वर्षांनी झालेला.

या पाच वर्षांचे वाङ्मयीन महत्त्व मोठे आहे. पतीची आज्ञा हीच ईश्वराची आज्ञा, असे मानण्याची मुभा लक्ष्मीबाईंना रूढीने दिली होती. किंबहुना तसे मानणे हाच तिच्या दृष्टीने स्त्रीधर्म होता. त्यांनी ती सोपी वाट घेतली नाही. स्वतःला ऐकू येईपर्यंत त्या थांबल्या. शांत श्रद्धेचा अर्थ येथे स्पष्ट होतो: ती मुकी नसते, ती उसनी घेतलेली नसते. ‘स्मृतिचित्रां’तील अनलंकृत, बोलती भाषा या श्रद्धेची केवळ वाहक नाही, ती तिचे प्रमाण आहे. ज्या बाईने उसना धर्म घेतला नाही, तिने उसनी भाषाही घेतली नाही.

५

टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबले. शाळेचे शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि त्यातील बहुतांश अध्याय त्यांच्या लेखणीतून उतरले. हे त्यांच्या पतिनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. ते अपुरे आहे. ज्या हाकेने एकदा त्यांचे घर मोडले होते, तीच हाक स्वतः ऐकल्यानंतर तिची कथा स्वतःच्या ओवीत सांगणे, हे अनुसरणापेक्षा अधिक काही आहे.

ओतूरहून पूर्वेला जाणारा रस्ता नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला जातो. भूगोलाचा हा योगायोग वाङ्मयेतिहासाचा पुरावा होऊ शकत नाही. पुरावा आहे तो संहितांतला. स्वप्नात मागितलेले पावशेर तूप द्यायचे राहिले, आणि त्या अपुरेपणातून तुकोबांची गाथा उभी राहिली. टिळकांचे काव्य अपुरे राहिले, आणि ज्या स्त्रीने त्यांच्या आज्ञापालनाची किंमत मोजली तिने ते पुढे नेले. दोन्हीकडे ऐकणे एका क्षणात संपत नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला अनुकरण म्हणणाऱ्या समीक्षेने या भेदांकडे आणि या साम्याकडे पुन्हा पाहिले पाहिजे. वारकरी परंपरेने मराठी ख्रिस्ती मनाला ऐकण्याची रीत दिली. पण काय ऐकायचे, कोणाच्या तोंडून ऐकायचे आणि केव्हा ‘हो’ म्हणायचे, याचा निर्णय त्या मनाने स्वतः घेतला. त्या निर्णयाचा इतिहास अजून पुरता लिहिला गेलेला नाही, आणि तो लिहायचा तर छंदांच्या यादीपेक्षा अशा थांबलेल्या वर्षांपासून आरंभ करावा लागेल.