वस्त्रांचे पुनर्निर्माण : इतिहासाचे एक उपेक्षित साधन
(नागपूरच्या भोसलेकालीन पोशाखाच्या संदर्भात)

इतिहासाच्या साधनांत कागदपत्रे, नाणी, शिलालेख व चित्रे यांना जे स्थान लाभले ते वस्त्रांना लाभलेले नाही. याचे पहिले कारण उघड आहे. वस्त्र हे वापरून संपविण्याकरिताच असते. जीर्ण लुगडे गोधडीत जाते, धोतराची फडकी होतात आणि उंची शालूचा जरीकाठ वितळवून त्यातील चांदी काढून घेतली जाते. म्हणजे वस्त्र जितके मोलाचे तितका त्याच्या नाशाचा संभव अधिक. अशा परिस्थितीत गतकालीन पोशाख पुन्हा बेतून व शिवून पाहणे हा केवळ हौसेचा विषय आहे, की त्यातून इतिहासाच्या ज्ञानात काही भर पडू शकते, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

या प्रश्नाचा सर्वात पद्धतशीर विचार इंग्लंडमध्ये ट्यूडर काळाच्या, म्हणजे इ. स. १४८५ ते १६०३ या कालखंडाच्या पोशाखासंबंधी झालेला आढळतो. सफोक परगण्यातील केंटवेल हॉल या जुन्या वाड्यात १९७९ पासून हौशी स्त्रीपुरुष ट्यूडरकालीन वेषात त्या काळचे दैनंदिन जीवन जगून दाखवू लागले. आरंभी या वेषांना आधार मुख्यतः चित्रांचा होता. जॅनेट आर्नल्ड या विदुषीने संग्रहालयांतील मूळ कपड्यांची मापे शिवणीशिवणीने घेऊन १५६० ते १६२० या काळातील पोशाखाचे नमुने १९८५ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा या छंदाला शास्त्राचा पाया मिळाला. १५४५ मध्ये बुडालेले ‘मेरी रोझ’ हे जहाज १९८२ मध्ये समुद्रतळातून वर काढण्यात आले. त्यात खलाशांची चामडी जाकिटे, पादत्राणे व लोकरी वस्त्रे सापडली. तागाचे कापड मात्र पाण्यात बहुतांशी नष्ट झाले होते. हर्फर्डशायरमधील बॅक्टन येथील चर्चमध्ये जतन केलेले भरतकामाचे एक वस्त्र मुळात पहिल्या एलिझाबेथ राणीच्या पोशाखाचा भाग असावे, असा निष्कर्ष अलीकडे अभ्यासकांनी काढला. त्या निष्कर्षाला भरतकामाइतकाच त्या तुकड्यांच्या बेताचा व शिवणींचा आधार होता. जे कागदपत्रांत नोंदलेले नव्हते ते कात्रीच्या रेषेने सांगितले, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

नागपूरची स्थिती याहून वेगळी व अधिक बिकट आहे. तिसरे रघूजी भोसले हे डिसेंबर १८५३ मध्ये निवर्तले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. त्यानंतर राजवाड्यातील चीजवस्तू सरकारजमा झाली. हत्ती, घोडे व बैल सीताबर्डी येथे विकले गेले आणि जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास गेले. पुढे १८६४ मध्ये भोसल्यांचा मुख्य वाडाही आगीत भस्मसात झाला. ज्या जामदारखान्यातून राजघराण्याच्या पोशाखाचा अभ्यास व्हावयाचा, त्याचा आधार अशा रीतीने एका दशकात नाहीसा झाला. पहिल्या रघूजी भोसल्यांची म्हणून ओळखली जाणारी एक तलवार लंडनच्या लिलावातून २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने परत मिळविली. पोलाद शतकानुशतके टिकते, लिलावात येते आणि परतही आणता येते. सुती अंगरख्याच्या बाबतीत असे भाग्य संभवत नाही.

मग साधने उरतात ती चित्रांची व लेखांची. तथापि चित्रे जशीच्या तशी स्वीकारणे धोक्याचे आहे. १७९० च्या पुणे दरबाराचे थॉमस डॅनियलचे सुप्रसिद्ध चित्र १८०५ मध्ये पूर्ण झाले. चित्रकार स्वतः त्या दरबारास उपस्थित नव्हता आणि जेम्स वेल्सच्या रेखाटनांवर त्याची भिस्त होती. शिवाजी महाराजांचे चित्र म्हणून दीर्घकाळ प्रचारात असलेले चित्र भलत्याच व्यक्तीचे होते. १९३३ मध्ये वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांच्या आधारे अस्सल चित्र पुढे आणले तेव्हा तो भ्रम दूर झाला. ताम्रपटावरून छापलेल्या चित्रांत आणखी एक अडचण उद्भवते. मूळ चित्र पटावर सरळ उतरविले असेल तर छाप उलटा उमटतो. आता जाम्याचे बंद हिंदूंनी डाव्या बगलेशी व मुसलमानांनी उजव्या बगलेशी बांधावे असा मोगल काळातील प्रघात होता. छाप उलटा आहे हे न ओळखता जो जामा शिवील, तो नकळत त्या पुरुषाचा धर्मच बदलील. हा दोष वाचताना सहसा लक्षात येत नाही. कापड अंगाला लावून बंद बांधण्याची वेळ आली म्हणजे मात्र बाजू कोणती हे ठरवावेच लागते.

पुनर्निर्माणाचे खरे मोल याच ठिकाणी आहे. बखरकार ‘जामा’ एवढा शब्द लिहून पुढे जाऊ शकतो. शिंप्याला तसे करता येत नाही. घेराला कळ्या किती, बगलेतील चौबगला केवढा, अस्तर कोठपर्यंत, बंद किती, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याला द्यावे लागते. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर साधनांत नाही तो प्रश्न त्यामुळे प्रथमच स्पष्ट होतो. डॉ. मोतीचंद्र यांचा प्राचीन भारतीय वेषभूषेवरील हिंदी ग्रंथ १९५० मध्ये आणि डॉ. गो. स. घुर्ये यांचा भारतीय पोशाखावरील इंग्रजी ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. या दोन्ही ग्रंथांनी पोशाखाचे प्रकार व त्यांचा क्रम निश्चित करण्याचे मोठे कार्य केले. पण कापड कसे बेतले जाई हा प्रश्न प्रत्यक्ष शिवण्यावाचून पुरता सुटणारा नाही.

त्यातही कात्रीच्या आधी माग येतो. हातमागाच्या कापडाचा पन्हा विणकराच्या हातांच्या पोचेने मर्यादित असे. त्या अरुंद पन्ह्यातून कापड वाया न घालविता अंगरखा काढावयाचा, यामुळेच कळ्या व चौबगले यांची रचना अपरिहार्य झाली. गिरणीच्या रुंद पन्ह्याच्या कापडात तोच अंगरखा थोड्या तुकड्यांत होतो, परंतु त्याचा घेर निराळा पडतो आणि बगलेतील मोकळेपणाही निराळा होतो. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. गिरण्यांच्या कापडाने व सुताने जो बदल झाला तो केवळ आर्थिक नव्हता. शिंप्याच्या बेतण्याच्या पद्धतीवरही त्याचा परिणाम होणे क्रमप्राप्त होते.

न शिवलेल्या वस्त्रांच्या बाबतीत तर विणकर हाच शिंपी होय. जॉन फोर्ब्स वॉटसन याने १८६६ मध्ये भारतीय कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत संकलित केले. पगडीचे फेटे, धोतरे व लुगडी यांची लांबी, रुंदी आणि काठपदराची मांडणी नेसण्याच्या रीतीवरून ठरते, हे त्याने जाणले होते. त्याचा उद्देश विलायती गिरण्यांना बाजारपेठ मिळवून देण्याचा होता, तरी ते निरीक्षण यथार्थ आहे. विदर्भातील करवतकाठी वस्त्राचे उदाहरण घ्यावे. त्याच्या काठावरील करवतीच्या दात्यांसारखी नक्षी दुरून कशिद्यासारखी भासते. वस्तुतः ती सुईने काढलेली नसते. काठाचा व अंगाचा आडवा धागा निरनिराळ्या धोट्यांनी चालवून एकमेकांत गुंतविल्याने ती उमटते. ज्याने भोसलेकालीन नागपुरी वस्त्राची प्रतिकृती करताना असा काठ सुईने भरला, त्याने शोभा साधली. परंतु ज्या कोष्ट्याच्या मागावर ती शोभा निर्माण होई, त्याला इतिहासातून वगळले.

सामाजिक दृष्ट्या हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथावरून दिसते की या प्रदेशात रेशीमकाठी तलम वस्त्रे कोष्टी विणीत, तर जाडेभरडे कापड विणण्याचा व्यवसाय महार समाजाकडे होता. सामान्य शेतकरी, शिपाई व मजूर यांच्या अंगावर बहुधा असेच जाडे कापड असे. आजच्या मिरवणुकांत व ऐतिहासिक नाटकांत कपडेपटातून भाड्याने आणलेले चकचकीत सॅटिनचे पोशाख सरदारापासून हुजऱ्यापर्यंत सर्वांनाच चढविले जातात. त्यांत गतकाल वैभवशाली दिसतो. पण ज्यांच्या श्रमावर ते वैभव उभे होते त्यांचे हात व त्यांचे कापड दोन्ही अदृश्य होतात. उत्सवाच्या आनंदाला यामुळे बाध येत नाही. मात्र तेच पोशाख चित्रपटांत, पाठ्यपुस्तकांत व मुलांच्या मनात इतिहास म्हणून स्थिर होतात, तेव्हा अभ्यासकाने मौन बाळगणे योग्य नव्हे.

या पद्धतीविरुद्ध एक आक्षेप घेतला जाईल. नव्याने शिवलेले वस्त्र हा पुरावा नव्हे. शिवणाऱ्याने जे गृहीत धरले तेच त्यातून बाहेर पडते. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच प्रतिकृतीस पुरावा न मानता प्रमेय मानले पाहिजे. प्रत्येक प्रतिकृतीसोबत कोणता भाग कोणत्या चित्रावरून घेतला, कोणता दुसऱ्या प्रदेशातील नमुन्यावरून आणि कोणता निव्वळ अनुमानाने, याची नोंद असावी. मूळ वस्तू हाताशी नसलेल्या नागपूरसारख्या ठिकाणी अनुमानाचा भाग मोठा राहील. तो झाकण्यापेक्षा मोजणे श्रेयस्कर.

या कार्याला एक कालमर्यादा आहे. जरीकाठ वितळतात, गोधड्या विरतात. परंतु पन्ह्याचे गणित, धोट्याची चाल आणि हाताच्या टाक्याची रीत ही कापडात नसून माणसांच्या हातांत आहेत. उमरेड, पवनी व खुद्द नागपूर येथील ज्या वृद्ध विणकरांना व शिंप्यांना ती अवगत असेल, त्यांच्याकडून ती पद्धतशीरपणे टिपून घेणे हे इतिहास विभागांच्या क्षेत्रकार्याचे अंग मानले गेले पाहिजे. दप्तरातील कागद आणखी काही पिढ्या वाट पाहू शकतील. ही माणसे तितकी वाट पाहू शकणार नाहीत.