रेवदंड्याची पुळण आणि खाडीपलीकडची भाषा

अलिबागला गर्दी बघून जीव दमला की आम्ही गाडी सरळ पुढे रेवदंड्याला नेतो. जेमतेम सतरा-अठरा किलोमीटर. किल्ल्याच्या तटातूनच रस्ता जातो आणि तट संपतो तिथे समुद्र. काळपट वाळू, माडांची रांग, पडक्या भिंती. घोडागाडी नाही की पॅरासेलिंग नाही. झकास!

ही शांतता मात्र अलीकडची बरं का. शेजारचं चौल म्हणजे एके काळी कोकणातलं बडं बंदर. अरब प्रवासी अल-मसूदी दहाव्या शतकात इथे येऊन गेला. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून चौलला उतरला, तोही एक घोडा घेऊन! घोडा विकून पैसे करायचे असा साधा बिझनेस प्लॅन. जुन्नरच्या खानाने घोडाच काढून घेतला आणि 'मुसलमान हो, मग देतो' अशी अट घातली. एका खुरासानी माणसाने रदबदली केली म्हणून बिचारा सुटला.

मग आले पोर्तुगीज. १५०८ मध्ये चौलच्या लढाईत त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो मारला गेला, तरी १५२१ मध्ये त्यांनी इथे किल्ला बांधायला घेतलाच. १५७०-७१ चा निजामशहाचा वेढासुद्धा त्यांनी पचवला. वसई पडल्यावर मात्र त्यांचं कंबरडं मोडलं आणि १७४० मध्ये चौल-कोर्लई मराठ्यांकडे आलं.

इतिहासाच्या पुस्तकात हा विषय इथे संपतो. मला खरी मजा वाटते ती यापुढची.

पुळणीवरून दक्षिणेला बघा. कुंडलिका खाडीच्या मुखाशी समुद्रात घुसलेला डोंगर दिसतो, तो कोर्लईचा किल्ला. अधिकारी गेले, सैनिक गेले. पायथ्याच्या गावात राहिली ती ख्रिस्ती झालेली गरीब कुटुंबं. त्यांच्या घरात पोर्तुगीजपासून बनलेली एक भाषा आजही बोलतात. ते तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. बोलणारे हजाराच्या आसपास. आपणही पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द त्यांच्याकडूनच घेतले, पण ते मराठीत मुरवले. इथे उलटं झालंय. शब्द पोर्तुगीज, आणि वाक्याची बांधणी मराठीच्या वळणाची, क्रियापद शेवटी!

आमच्या धंद्यात व्हेंडरने सपोर्ट बंद केला की दोन वर्षांत सिस्टिम बदला म्हणून मागे लागतात. इथे सपोर्ट १७४० मध्ये बंद झाला आणि सिस्टिम अजून चालू आहे. (चर्चचा थोडा आधार होता, मान्य. पण चर्च काही भाजी घेताना आणि पोरांना रागावताना बोलायला येत नाही.)

तट पडला तर निदान पुरातत्त्व खात्याचा निळा फलक तरी लागतो. भाषेला तेही नाही. शाळा मराठी, नोकरी मुंबईला, आता पोरांना इंग्रजी हवं. त्यांनी तरी काय करावं? पगार त्या भाषेत मिळत नाही, जरी तो शब्द पोर्तुगीज असला तरी!

तेव्हा कोर्लईला गेलात तर किल्ला आणि दीपगृह बघून लगेच गाडी वळवू नका. गावात जरा टेका, चहा मागवा, आणि म्हातारी माणसं आपापसात काय बोलतायत तिकडे कान द्या.