गणिती युक्तिवाद (प्राथमिक शिक्षण)
उत्तर बरोबर का, हे मुलाने स्वतःच्या शब्दांत पटवून देणे आणि वर्गाने ते तपासणे, अशी अध्यापनपद्धती. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 ने मुलाच्या विचाराचे गणितीकरण हे गणितशिक्षणाचे मुख्य उद्दिष्ट मानले. युक्तिवाद हा त्याचा गाभा.

दोन विषम संख्यांची बेरीज सम येते, हे तिसरीतले मूल 3+5, 7+9 करून सांगते. पण हा केवळ पडताळा. सात आणि नऊ चिंचोक्यांच्या जोड्या लावल्या, की प्रत्येक ढिगात एकेक उरतो आणि त्या दोघांची जोडी जमते. संख्या कितीही मोठी असली तरी हेच घडणार, हे मुलाने ओळखले की ती सिद्धता झाली. ‘नेहमीच का?’ असे विचारून शिक्षकाने थांबायला हवे. आपल्या वर्गांत ही उसंतच मिळत नाही.

1990 मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात डेबोरा बॉल यांच्या तिसरीच्या वर्गात एका मुलाने सहा ही संख्या सम आणि विषम दोन्ही असू शकते, असे मांडले, कारण तिच्यात दोनाचे तीन, म्हणजे विषम, गट आहेत. बाईंनी त्याला गप्प केले नाही. वर्गाने वाद घातला आणि तशा संख्यांना त्या मुलाचेच नाव दिले गेले.

महाराष्ट्रात गणितशिक्षणाच्या संशोधनाचे मोठे केंद्र म्हणजे मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (स्थापना 1974). महाराष्ट्राबाहेर, कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या जांबोटीसारख्या मराठीभाषक गावांतही युक्तिवादाच्या या पद्धतीला मातृभाषेचा आधार मोलाचा ठरतो: ‘कारण’, ‘म्हणून’, ‘समजा’ हे शब्द मुलांच्या तोंडी आधीपासूनच असतात.